आईला विज्ञान येत नाही, मग उजळणी कोण घेणार?

पत्र थोडक्यात:

कोल्हापुरातून एका आईने लिहिलं आहे. मुलगी सातवीत, मराठी माध्यम. पहिल्या सत्रात विज्ञानात ५० पैकी २२ गुण मिळाले. मुलगी कामचुकार नाही. वही नीटनेटकी, महत्त्वाच्या ओळींखाली रंगीत पेनच्या रेघा. गाईडमधली प्रश्नोत्तरं रोज तासभर वाचते, विचारलं तर घडाघडा म्हणून दाखवते, मोबाईलवर पाठाचे व्हिडिओही बघते. "मम्मी, मला येतंय की सगळं," म्हणते आणि पेपर हातात पडला की "असलं काय शिकवलंच नव्हतं" म्हणून रडते. आई कला शाखेतून बारावी झालेल्या. घरीच मसाले आणि कांदा-लसूण चटणी करून विकतात. वडील शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, पाळी बदलती. त्यांचं म्हणणं, सातवीचे मार्क कोण विचारतंय, दहावीला बघू. शेजारणीने राजारामपुरीतला एक क्लास सुचवलाय, पण फी ऐकूनच दम लागतो. वार्षिक परीक्षेला दोन महिने उरलेत आणि पुस्तकात वीस पाठ आहेत. आई विचारतात : "विज्ञानाचं नाव काढलं की माझ्याच अंगावर काटा येतो. क्लास लावू, की मीच काहीतरी करू? माझ्या अडाणीपणामुळे पोरीचं नुकसान होतंय का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुमच्यामुळे तिचं काही नुकसान होत नाहीये. उलट पत्रात तुम्ही तिच्या उत्तरपत्रिकेतला एक प्रश्न आणि तिचं उत्तर जसंच्या तसं उतरवून पाठवलंत, ते फार बरं केलंत. बाकीच्या पत्रापेक्षा मला त्या चार ओळींतून जास्त कळलं.

प्रश्न असा होता : "शास्त्रीय कारण लिहा. थंडीत सकाळी लोखंडी खुर्ची लाकडी खुर्चीपेक्षा गार लागते." मुलीने लिहिलं, "स्थायू पदार्थातून होणाऱ्या उष्णतेच्या संक्रमणास उष्णतेचे वहन म्हणतात." गुण शून्य. आता हे उत्तर जरा थांबून बघा. व्याख्या बरोबर आहे. पाठ बरोबर ओळखला आहे. पानसुद्धा तेच आहे. फक्त खुर्चीबद्दल एक अक्षर नाही.

तुम्ही लिहिता, "तिच्या काही लक्षातच राहत नाही." पण तुमचा पुरावा तर उलटं सांगतोय. तिच्या लक्षात चांगलं राहतं, नाहीतर अशी व्याख्या मात्रा-वेलांटीसकट उतरली नसती. अडतं ते पुढे. पाठ केलेलं वाक्य समोरच्या वस्तूला कसं लावायचं, याची सवय तिला कुणी लावलेली नाही. आणि ही सवय गाईड आणखी दोनदा वाचून लागत नाही. तिसऱ्या वेळी ती तीच व्याख्या आणखी सुवाच्य अक्षरात लिहील, एवढंच होईल.

म्हणून मला पहिली शंका तुमच्या "उजळणी"बद्दलच आहे. आपल्याकडे उजळणी म्हटलं की पाढे डोळ्यांसमोर येतात : मोठ्याने, एका सुरात, पुन्हा पुन्हा. पाढ्यांना ती पद्धत चालते, कारण सातास आठ छप्पन्नच, परीक्षेत ते वेश बदलून येत नाहीत. विज्ञानाचा प्रश्न मात्र वेश बदलूनच येतो. आज खुर्ची, उद्या तव्याची मूठ, परवा थर्मास.

तेव्हा पहिलं काम असं करा. उद्या सकाळी ओट्यावर लोखंडी तवा आणि लाकडी पोळपाट शेजारी शेजारी ठेवा. तवा रात्रभर तिथेच असलेला हवा, गॅसवरून नुकता उतरवलेला नको. मुलीला दोन्हींवर तळहात ठेवायला सांगा. तवा गार लागेल, पोळपाट लागणार नाही. मग विचारा, "दोन्हींवर बर्फाचा सारखाच खडा ठेवला, तर कुठला आधी वितळेल?" उत्तर आधी कागदावर लिहून घ्या, मगच बर्फ ठेवायचा. बहुतेक मुलं (आणि मोठी माणसंही) पोळपाट म्हणतात, कारण तवा "थंड" आहे. प्रत्यक्षात तव्यावरचा खडा बघता बघता पाणी होतो आणि पोळपाटावरचा बराच वेळ तसाच बसून राहतो.

इथे गप्प राहायचं. समजावायला जाऊ नका. तिलाच कोड्यात पडू दे. गार लागणाऱ्या तव्यावर बर्फ लवकर का वितळला? जरा वेळाने तिच्या लक्षात येईल की तवा थंड नव्हताच. दोन्ही वस्तू एकाच खोलीत रात्रभर होत्या, तापमान सारखंच होतं. लोखंड उष्णता भराभर इकडून तिकडे नेतं. हाताची उष्णता ओढून घेतली म्हणून आपल्याला ते गार लागलं, आणि बर्फापर्यंत उष्णता वेगाने पोहोचवली म्हणून तो वितळला. लाकूड दुर्वाहक, त्याने दोन्ही वेळा आळस केला. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की खुर्ची येवो, तव्याची लाकडी मूठ येवो नाहीतर स्वेटर येवो, पोरगी अडत नाही.

मग लगेच, बर्फाचं पाणी पुसायच्या आत, तेच उत्तर लिहून घ्या. "शास्त्रीय कारण" लिहिताना मुलं एक तर नुसती व्याख्या लिहितात, नाहीतर नुसतं "कारण ते गार असते." तिला सांगा, आधी समोर काय आहे ते लिही, मग विज्ञानातला नियम, आणि शेवटी नियमाची त्या वस्तूशी गाठ मार. म्हणजे असं : "खोलीतल्या दोन्ही खुर्च्यांचे तापमान सारखेच असते. लोखंड उष्णतेचे सुवाहक आहे, लाकूड दुर्वाहक आहे. लोखंडी खुर्चीला स्पर्श केल्यावर हाताची उष्णता वेगाने खुर्चीकडे जाते, म्हणून ती जास्त गार लागते." तीन वाक्यांत काम झालं. गाठ मारायचं तिसरं वाक्यच तिच्या उत्तरात नव्हतं, आणि माझा अंदाज आहे की गेलेले बरेच गुण त्याच वाक्याचे असतील.

हा अंदाज खरा की खोटा ते तुम्ही स्वतः तपासा. शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना विनंती करा आणि पूर्ण उत्तरपत्रिका शांतपणे बघा. चुकलेल्या प्रत्येक उत्तरासमोर मुलीलाच विचारा : हे माहीतच नव्हतं, की माहीत होतं पण लिहिता आलं नाही, की प्रश्नच नीट वाचला नाही? तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. न वाचलेल्या प्रश्नासाठी क्लासची फी भरण्यात काय अर्थ आहे?

आता "मला विज्ञान येत नाही" याबद्दल. उजळणी घेणाऱ्याला विषय यायलाच हवा, हे तुम्ही धरूनच चालला आहात. शिकवणाऱ्याला यायला हवा, कबूल. पण शिकवून झालंय, शाळेत झालंय. उजळणीत पोरीच्या डोक्यातून बाहेर काढायचं आहे, आत घालायचं नाही. त्याला हवा असतो समोर बसून विचारणारा माणूस. ज्याला उत्तर माहीत असतं ना, तो फार लवकर सांगून टाकतो. तुम्हाला माहीत नाही, त्यामुळे तुम्ही सांगूच शकणार नाही. ही तुमची अडचण नाही, सोय आहे.

याला आधारही आहे. २००६ साली अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना एक उतारा वाचायला दिला. काही मुलांनी तो पुन्हा वाचला. बाकीच्यांनी कागद बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र पालटलं : आठवून लिहिणाऱ्यांना साधारण ५६ टक्के आठवत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. तुमची मुलगी रात्री वाचून लगेच तुम्हाला म्हणून दाखवते, तेव्हा ती त्या पाच मिनिटांच्या परीक्षेत पास होत असते. म्हणून "मला येतंय की सगळं" हे ती खोटं बोलत नाही. तिला त्या घडीला खरंच येत असतं. शाळेचा पेपर मात्र पाच मिनिटांनी नसतो.

व्हिडिओचंही तेच आहे. समजावणारा चांगला असला की बघणाऱ्याला सगळं सोपं वाटतं, पण ते समजलेलं त्याचं असतं, आपलं नव्हे. बंद करा असं मी म्हणत नाही. प्रयोग सुरू झाला की मध्येच थांबवून "आता काय होईल?" एवढं विचारा. आणि संपल्यावर मोबाईल तुमच्याकडे घेऊन "काय होतं त्यात?" हे विचारा.

रोज किती वेळ? तास नको. पंचवीस-तीस मिनिटं पुरे, पण पुस्तक मिटलेलं हवं. तुम्ही भाकरी थापत असाल, मिरच्यांचे देठ काढत असाल, तिने शेजारी पाटावर बसून एक पाठ तुम्हाला सांगायचा. तुम्ही मध्ये मध्ये तोडायचं : "म्हणजे काय?" "कशावरून?" "तसं नसतं तर काय झालं असतं?" "आपल्या घरात असं कुठं दिसतं?" एवढे प्रश्न आले की तुमचं विज्ञान झालं. ती अडली की पुस्तक उघडायचं, तेवढंच वाचायचं, पुन्हा मिटायचं. तोच पाठ दोन-तीन दिवसांनी परत विचारायचा आणि पुढच्या आठवड्यात आणखी एकदा. मधल्या दिवसांत ती थोडं विसरेल. विसरू दे. विसरलेलं जोर लावून आठवतं, तेच टिकतं.

आणि खरं सांगू? मसाला-चटणी करणाऱ्या घरात विज्ञान येत नाही, हे मला पटतच नाही. "बदल : भौतिक व रासायनिक" हा पाठ सातवीत आहे. गाईडात त्याची यादी असते : बर्फ वितळणे भौतिक, लाकूड जळणे रासायनिक. पोरं यादी पाठ करतात आणि पेपरात यादीबाहेरचं काही आलं की हात टेकतात. तुमच्याकडे बघा. खोबरं किसलं, हा कुठला बदल? तेच खोबरं तांबूस होईपर्यंत भाजलं, तर? लसूण ठेचली? चिंच लावून तांब्याचा हंडा लख्ख केला? किसणं-ठेचणं भौतिक, कारण पदार्थ तोच राहिला, आकार बदलला. भाजताना रंग, वास, चव सगळंच पालटलं, नवे पदार्थ तयार झाले, आणि ते खोबरं परत पांढरं करता येत नाही. म्हणून तो रासायनिक. हंड्यावरचा काळपट थर चिंचेतल्या आम्लाशी क्रिया होऊन निघाला, तोही रासायनिक. हळद सांडलेल्या फडक्याला साबण लावला की डाग लाल होतो, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा पडतो. ही आम्ल-आम्लारी ओळखायची रीत, आणि ती तुम्ही वर्षानुवर्षं धुणं धुताना बघत आला आहात. चटणी महिनोन् महिने का टिकते, हे तर तुम्ही पाठ न वाचताच सांगाल : मिरची कडकडीत वाळवलेली, मीठ सढळ, पाण्याचा अंश नाही, ओला चमचा घालायला सक्त मनाई. तिला फक्त एवढंच जोडायचंय, की पाणी नसेल तर सूक्ष्मजीव वाढू शकत नाहीत. अन्नपदार्थांच्या सुरक्षेचा अर्धा पाठ तिथेच संपला.

जमलं तर एका रविवारी तिला गुऱ्हाळावर न्या. करवीर-पन्हाळ्याकडे कुणीतरी ओळखीचं असेलच, आणि हंगाम अजून चालू आहे. नुसता ताजा गूळ खाऊन परत येऊ नका, तासभर थांबा. घाण्यातून रस निघतो, गाळून काहिलीत पडतो, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं धडधडत असतात. रस तापला की भेंडीचं चिकट पाणी घालतात. त्या चिकटपणात रसातली घाण अडकून वर येते, ती मळी झाऱ्याने काढून टाकतात. चुन्याची निवळीही घालतात. का? उसाचा रस थोडा आम्लधर्मी असतो, आणि आम्लात तापवत राहिलं तर साखर फुटत जाते, गूळ नीट बांधत नाही. चुना आम्लारी, तो आम्लता मारतो. मग पाणी वाफ होऊन जातं, रस घट्ट होतो, रंग पिवळसरवरून तांबूस होतो, गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो आणि काहील उतरवायची वेळ ठरवतो. शेवटी वाफ्यात ओतून थंड करतात आणि गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरतात. काहिलीपासून तिला लांब उभं करा, तो पाक अंगावर उडाला तर खोल भाजतो.

येताना एसटीत किंवा गाडीवर तिला एवढंच विचारा : यातलं भौतिक काय होतं आणि रासायनिक काय? वाफ होणं भौतिक. चुन्याची आम्लाशी क्रिया रासायनिक. मळी काढणं म्हणजे मिश्रण वेगळं करणं. रंग तांबूस होणं? यावर तिला वाद घालू दे. गाईडात "गूळ तयार करणे" याच्यासमोर एकच शब्द छापलेला असेल, पण काहिलीत दोन्ही बदल एकाच वेळी चालू असतात, आणि हे ज्याला कळलं त्याला तो पाठ कळला.

प्रकाशाचा पाठ घ्याल तेव्हा अंबाबाईचा किरणोत्सव काढा. कोल्हापूरच्या पोराला याहून चांगलं उदाहरण कुठलं मिळणार? मावळतीचे किरण महाद्वारातून आत येऊन मूर्तीपर्यंत पोहोचतात, पहिल्या दिवशी पायांशी, मग मध्यावर, मग मुखावर. हे नोव्हेंबरात ९ ते ११ च्या सुमारास आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीच्या सुमारास घडतं. तिला कॅलेंडर द्या आणि दिवस मोजायला सांगा. १० नोव्हेंबर ते २२ डिसेंबर ४२ दिवस, २२ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४१ दिवस. जवळजवळ सारखेच! कारण २२ डिसेंबरच्या आसपास सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो. जाताना ज्या जागी मावळला, परत येताना त्याच जागी पुन्हा मावळतो, आणि मंदिराचं दार बरोबर त्या दिशेच्या रेषेत येतं. मग विचारा, संध्याकाळी किरण आधी खाली पडून वर वर का चढतात? सूर्य जसा खाली जातो तसे किरण आडवे होत जातात, म्हणून. आणि ढग नसतानाही एखाद्या वर्षी किरण फिके का पडतात? हवेतली धूळ आणि दमटपणा प्रकाश विखुरतो. वाटेत एखादी इमारत किंवा फलक आला तर किरण वळून जात नाहीत, अडतात. प्रकाश सरळ रेषेत जातो, ही व्याख्या तिला पुन्हा पाठ करावी लागणार नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी कोल्हापूरच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. परीक्षा झालेली असेल, तरी तेवढं तिला दाखवा.

गतीच्या पाठात अंतर आणि विस्थापन यांचा घोळ सगळ्यांचाच होतो. रंकाळ्याला पूर्ण फेरी मारा. चाललेलं अंतर मोबाईल सांगेल. निघालो तिथेच परत आलो, म्हणून विस्थापन शून्य. भेळ खाऊन या, पाठ संपला.

पचनसंस्था, पेशी, वनस्पतीची रचना हे पाठ वेगळ्या जातीचे. तिथे प्रयोगापेक्षा आकृती महत्त्वाची. आकृती बघून काढण्यात वेळ घालवू नका, त्याने फक्त हात वळतो. पुस्तक मिटून, निळ्या पेनने आठवेल तेवढी काढायची. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने भरायचं. दोन दिवसांनी परत. लाल कमी कमी होत गेलं की समजायचं. लहान आतड्याची लांबी सुमारे ६ मीटर, तुमच्या सहावारीपेक्षा हातभर जास्त, हे साडी पसरून एकदा दाखवलंत तर जन्मात विसरणार नाही.

वीस पाठांचा धसका तुम्ही आणि मुलगी दोघींनीही घेतलाय. पण ते वीस सुटे पाठ नाहीत. उष्णता, बदल, मूलद्रव्ये-संयुगे-मिश्रणे, वापरातले पदार्थ ही एका घरातली भावंडं. पोषण, पचन, पेशी, सूक्ष्मजीव, अन्नाची सुरक्षा हे दुसरं घर. गती-बल-कार्य आणि मापन तिसरं. प्रकाश, ध्वनी, स्थितिक विद्युत, चुंबक चौथं. एका घरातले पाठ लागोपाठ घेतले की एकाचं दुसऱ्याला उपयोगी पडतं. सुरुवातीला अनुक्रमणिका काढून प्रत्येक पाठावर तिला पुस्तक न बघता दोन मिनिटं बोलायला लावा. बोलली तर बरोबरची खूण, अडखळली तर अर्धी, गप्प बसली तर गोल. "कुठला येतो?" असं विचारू नका, ती सगळेच येतात म्हणेल. आणि मग गोलांपासून नाही, अर्ध्यांपासून सुरू करा. अनेक घरांत उलटं होतं. सगळ्यात अवघड पाठ पहिल्यांदा हातात घेतात, आठवडा त्यातच जातो आणि पोरगं खचतं. अर्ध्या पाठांना थोडा धक्का पुरतो. तीन-चार गोल उरतील ते यादी करून शाळेतल्या बाईंकडे घेऊन जा. "मुलीला विज्ञान जमत नाही" असं सांगितलं तर बाई तरी काय करणार? "स्थितिक विद्युतमध्ये प्रभार कुठून येतो ते कळत नाही" असं विचारलं तर मधल्या सुट्टीत दहा मिनिटांत काम होईल.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. सातवीचे मार्क कोण विचारत नाही, हे त्यांचं म्हणणं पूर्ण खरं नाही. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. या परीक्षेतल्या शालेय क्षमता चाचणीत ९० पैकी ३५ प्रश्न विज्ञानाचे असतात, आणि बसण्यासाठी सातवीत ५५ टक्के गुण लागतात (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के). म्हणजे विचारणारं कुणीतरी आहे. शिवाय २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापास झाल्यास पुनर्परीक्षा सुरू झाली आहे, त्यामुळे "दहावीला बघू" एवढं लांब जायला पुढचं वर्ष देणारही नाही. पण हे त्यांना भांडणासारखं ऐकवू नका. त्यांना कामाला लावा. उष्णतेच्या पाठासाठी तुमच्या घरात त्यांच्याइतका जाणकार माणूस नाही. ओतकामाचं लोखंड सुमारे १,२०० अंश सेल्सिअसला वितळलेलं असतं. त्यापासून लांब उभं राहिलं तरी तोंड का भाजतं, हे मुलीला त्यांना विचारायला सांगा. (प्रारण. मधली हवा तापायची वाट ते बघत नाही.) आणि पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना) तयार भागापेक्षा थोडा मोठा का करतात? कारण लोखंड थंड होताना आकसतं, मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर. उष्णतेने प्रसरण आणि थंड झाल्यावर आकुंचन हे ज्याने रोज हातांनी हाताळलंय, त्याने पोरीला सुट्टीच्या दिवशी अर्धा तास सांगितलं तर कुठल्या क्लासवाल्याला ते जमेल?

ज्यांची मुलं सहावीत-आठवीत आहेत त्यांनीही रीत हीच ठेवावी, उदाहरणं तेवढी बदलावीत. सहावीच्या साध्या यंत्रांसाठी आजीचा अडकित्ता, कात्री आणि चिमटा पुढ्यात ठेवा आणि टेकू, भार, बल कुठे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. तिन्हींत मधे येणारी गोष्ट वेगळी आहे. कात्रीत टेकू, अडकित्त्यात भार, चिमट्यात बल. आठवीच्या दाबासाठी पावसाळ्यात बातम्यांत येणारे राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे आहेतच. धरण भरलं की पाण्याच्या दाबानेच ते उघडतात.

राहिला क्लास. मी क्लासविरोधी नाही. घरी संध्याकाळी कुणीच नसेल, किंवा पुस्तकातलं वाक्य वाचूनही अर्थ लागत नसेल, तर मदत घ्यावीच लागते. तुमच्या घरात दोन्ही अडचणी नाहीत. तरी लावायचाच झाला तर आधी एक तास मुलीला तिथे बसून यायला सांगा आणि घरी आल्यावर विचारा, सरांनी किती प्रश्न विचारले आणि मुलांनी किती. सगळा तास नोट्स उतरवण्यात गेला असेल तर ते गाईड तुमच्याकडे आहेच, त्याच्या दोनशे रुपयांऐवजी हजारो कशाला मोजायचे?

तर आत्ता फी भरू नका. उत्तरपत्रिका बघून या, बर्फाचा प्रयोग करा आणि "उष्णता", "बदल" हे दोन पाठ वर सांगितल्या रीतीने पंधरा दिवस चालवा. त्यानंतर बाईंकडून किंवा जुन्या प्रश्नपत्रिकेतून "कारणे लिहा"चे तिने न पाहिलेले दहा प्रश्न घ्या आणि घड्याळ लावून सोडवून घ्या. निम्म्याहून जास्त उत्तरांत तिसरं वाक्य आलं, तर उरलेले पाठही घरीच घ्या. नाही आलं, तर ती दहा उत्तरं मला पाठवा. क्लास हवा की आणखी काही, ते त्यावरून ठरवू.